चंद्रिकेची कक्षा

मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात लाखो दगड सूर्याभोवती फिरत असतात. त्यातला एक रेश्माचा होता. खरं सांगायचं तर निम्माच. उरलेला निम्मा चंद्रिकेचा, आणि चंद्रिकेचा ठावठिकाणा कुणालाच माहीत नव्हता. घोडं अडलं होतं ते तिथंच.

दगड म्हटलेलं रेश्माला खपायचं नाही. सोलापुरात ज्या कॉलेजात ती शिकली, त्याच कॉलेजात ती आता फिजिक्स शिकवायची, आणि वर्गात कुणी 'मॅडमचा दगड' म्हणालं की खडू खाली ठेवून सांगायची, "लघुग्रह म्हणा. दगड तुमच्या डोक्यात." आधीची बरीच वर्षं टेंभुर्णीच्या कॉलेजात काढून ती गेल्या जूनमध्ये इथं आली होती. शुक्रवार पेठेत दोन खोल्या भाड्यानं घेऊन एकटीच राहायची. केमला राहणाऱ्या आईबापांनी तिच्या लग्नाचा विषय काढणं केव्हाच सोडलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत तिला बातमी कळली. कॉलेजात असताना ज्या शोधमोहिमेत तिनं आणि चंद्रिकेनं भाग घेतला होता, तिथल्या लोकांनी कळवलं होतं की तुमच्या लघुग्रहाची कक्षा आता पक्की झाली, त्याला कायमचा क्रमांक मिळाला. शोध दोघींच्या नावावर नोंदला गेला आहे. आता दोघींनी मिळून त्याला नाव सुचवायचं. रेश्मानं ते तीनदा वाचलं आणि पहिल्यांदा तिच्या मनात जे आलं ते नाव नव्हतं, तर 'चंद्रे, बघ गं' असं होतं. मग तिच्या लक्षात आलं की हे सांगायला चंद्रिका आहेच कुठं. एवढ्या आनंदाच्या बातमीवर ती ढसाढसा रडली.

दोघी हॉस्टेलच्या एका खोलीत तीन वर्षं राहिल्या होत्या. चंद्रिका अक्कलकोटकडची, लिंगायताची पोर. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही. तिची आई सुंदरम्मा महिन्याला कडक भाकऱ्यांची चवड आणि शेंगाचटणी पाठवायची. त्या भाकऱ्या खाऊनच आपण बीएस्सी झालो असं रेश्मा आजही मानते. चंद्रिकेला गणित यायचं, रेश्माला इंग्रजी. दोघींचं मिळून एक शहाणं माणूस व्हायचं.

मोहिमेचं काम तसं कंटाळवाणं. लांबच्या देशातल्या मोठ्या दुर्बिणीनं आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळानं चार फोटो काढलेले असायचे. ते कॉम्प्युटरवर एकामागून एक फिरवायचे. सगळे तारे जागच्या जागी उभे. त्यातला एखादा ठिपका सरकला तर तो तारा नव्हे, मधेच कुणीतरी चालणारा आहे. मार्चमधल्या एका दुपारी लाइट गेली. प्रयोगशाळेतला यूपीएस टीं टीं करून रडायला लागला, बाकीची पोरं मशीन बंद करून उठली. चंद्रिका उठेना. एक डोळा बारीक करून पडद्याकडं बघत बसली.

"रेश्मे, ह्यो बघ. ह्यो चालतोय."

"कुठं? काय न्हाई तितं. चल, मशीन बंद पडंल."

"पडू दे. तू नुसती बघ की."

रेश्मानं बघितलं. डाव्या कोपऱ्यात, धुळीच्या कणाएवढा एक ठिपका चार फोटोंत चार पावलं पुढं गेला होता. यूपीएसनं मान टाकायच्या आत दोघींनी ती नोंद पाठवली. मग पुढच्या रात्रींचे फोटो आले, त्यांतही तो सापडला, आणि मोहिमेच्या लोकांनी कळवलं की हा आधी कुणी पाहिलेला दिसत नाही. सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला साधारण साडेचार वर्षं लागतात असा अंदाज आला. तेव्हा चंद्रिका म्हणाली होती, "आमच्या तिप्पण्णाकाकाचा बैल ह्याच्यापेक्षा बरा." आणि दोघी पोट धरून हसल्या होत्या.

त्याच महिन्यात चंद्रिका पाडव्याला म्हणून गावी गेली ती परत आलीच नाही. शेवटच्या वर्षाची परीक्षासुद्धा तिनं दिली नाही. हॉस्टेलच्या बाईंकडून रेश्माला कळलं की तिचं लग्न ठरलं, झालंही. रेश्माला आमंत्रण नव्हतं. फोन लावला तर तो चंद्रिकेच्या भावाचा निघाला, आणि त्यानं 'ती हितं नसती' म्हणून ठेवून दिला. रेश्मा इतकी चिडली, इतकी चिडली की तिनं ठरवलं, आता ही फोन करेल तेव्हाच बोलायचं. रुसवा धरायचा तर समोरच्याला तो कळावा लागतो, हे तिला कोण सांगणार? असं करता करता बारा-तेरा वर्षं निघून गेली. राग कधीच विरला होता. त्याच्या जागी आठवण तेवढी राहिली होती, आणि ती रागापेक्षा जास्त छळते.

सुट्टीनंतर प्राचार्यांनी तिला बोलावून घेतलं. पेढे मागवले, शाल घातली, आणि मग मुद्द्यावर आले.

"मॅडम, नाव तर ठरलेलंच आहे. आपले संस्थापक."

"सर, राजकारणातल्या माणसाचं नाव चालत नाही. त्यांना जाऊन शंभर वर्षं व्हावी लागतात."

"मग शिक्षणमहर्षी म्हणून द्या. राजकारण त्यांनी संस्थेच्या भल्यासाठीच केलं."

"आणि दुसरीची संमतीही लागते, सर."

"ती सापडत नाही म्हणताय ना? मग तिच्या वतीनं कॉलेज देईल संमती. मी विचारून घेतलंय, तसं चालतं." प्राचार्यांनी पेढ्याचा कागद चुरगळला. "सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की जाहीर करू. तोपर्यंत सापडली तर आनंदच आहे."

ह्याला म्हणतात आयत्या बिळावर नागोबा. रेश्मा नोकरीत नवी होती, वाद घालणं परवडणारं नव्हतं. पण बाहेर येताना तिचे कान तापले होते, कारण नाव तिनंही ठरवून ठेवलं होतं. 'चंद्रिका'. शोधणाऱ्यानं स्वतःचं नाव द्यायचं नाही असा संकेत आहे, हे तिला माहीत होतं. पण मी कुठं माझं देतेय, मी तर तिचं देतेय, असा वकिली मुद्दाही तिनं तयार ठेवला होता. चंद्रिकेशिवाय बारा वर्षं आपण कशी काढली हे तिला कुणाला सांगता आलं नसतं. निदान तिचं नाव तरी वर फिरत राहील, मग ती भेटो न भेटो. मात्र त्याला चंद्रिकेची संमती हवी होती, म्हणजे आधी चंद्रिका हवी होती.

मग शोध सुरू झाला. फेसबुकवर 'चंद्रिका' टाकलं तर साबणाच्या जाहिरातींपासून नट्यांपर्यंत सगळ्या निघाल्या, ही नाही. जुन्या वर्गमैत्रिणींना फोन झाले. एका रविवारी रेश्मा अक्कलकोटची गाडी धरून पुढं तिच्या गावीही जाऊन आली. घराला कुलूप होतं. शेजारची शिवबाई म्हणून एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती.

"सुंदरम्मा थोरल्या लेकाकडं गेली की, पुन्याला."

"आणि चंद्रिका?"

"ती दिली तिकडं, कर्नाटकात. आळंदकडं का अफजलपूरकडं, ध्यान न्हाई बाई. आता चंद्रिका न्हवं ती. लग्नात नाव बदललं."

"काय ठेवलं?"

"काय की. चांगलं देवाचं ठेवलंय."

आता बोला. आपल्याकडं लग्नात ताटभर तांदूळ पसरतात, त्यात अंगठीनं पोरीचं नवं नाव लिहितात, फोटो काढतात, पेढे वाटतात. आणि मग काही वर्षांनी कुणी विचारलं तर शेंगा फोडत सांगतात, काय की. रेश्मा चंद्रिकेला त्या नावानं हुडकत होती, जे नाव त्या ताटातल्या तांदळांखाली कधीच गाडलं गेलं होतं. परतीच्या गाडीत ती खिडकीला डोकं लावून बसली. एका माणसाची एवढी ओढ वाटावी आणि त्याला हाक मारायला नावसुद्धा ठाऊक नसावं, ह्याचं तिला फार वाईट वाटलं.

डिसेंबर असाच गेला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वर्गात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही तर त्याला थोडेच दिवस पाहिलंत. मग तो हरवला नाही का?"

"हरवला होता की," रेश्मा म्हणाली. "काही वर्षांनी दुसऱ्याच दुर्बिणीतून दुसऱ्याच लोकांना दिसला. त्यांना वाटलं नवा आहे. त्यांनी त्याला नवा नंबर देऊन टाकला."

"मग तोच आहे हे कसं कळलं?"

"नंबरावरून नाही कळत. वाटेवरून कळतं. आपण पाहिलेल्या थोड्या दिवसांवरून त्याची वाट मांडायची, ती पुढं पुढं नेत यायची, आणि अमुक दिवशी तो कुठं असायला पाहिजे ते काढायचं. तिथं दुसऱ्या नावाचा कुणी उभा असला, तर तो आपलाच. जिथं शेवटचा पाहिला तिथं शोधत बसलं तर..."

आणि मॅडम गप्प झाल्या. मुलांना वाटलं, मॅडम पुढचं विसरल्या. खरं तर मॅडमना स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती. शेवटची पाहिली त्या गावात जाऊन, जुन्या नावानं हाका मारत, महिना-दीड महिना ती हेच तर करत बसली होती.

चंद्रिकेची वाट तिला पाठ होती. लहानपणी चंद्रिका विषमज्वरातून वाचली, तेव्हा सुंदरम्मानं सोलापूरच्या सिद्धरामेश्वराला नवस बोलला होता: पाय चालतात तोवर दर संक्रांतीच्या यात्रेत लेकीला अक्षतेला आणीन. यात्रेत सिद्धरामाच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं, आणि संमती कट्ट्यापुढं हजारो माणसं अक्षता टाकतात. हॉस्टेलच्या तिन्ही वर्षी चंद्रिका रेश्माला ओढून तिथं घेऊन गेली होती. सुंदरम्मा आदल्या दिवशी यायची आणि तिघी कट्ट्याच्या डाव्या अंगाला, तलावाकडच्या भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. दरवर्षी तीच जागा. सुंदरम्मा पुण्याला गेली असेल, चंद्रिका कर्नाटकात गेली असेल, नाव दहादा बदललं असेल. पण नवस बदलत नाही. आणि आपण दरवर्षी ह्याच दिवशी सण म्हणून केमची गाडी धरत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा तो हाच.

तिनं वडिलांना फोन केला. "आप्पा, औंदा संक्रांतीला येत न्हाई."

"का गं? सण हाय की," आदिनाथराव म्हणाले.

"चंद्रिकेला बघायला जायचंय. अक्षतेला."

"कोण, ती कानडी? आपल्याकडं आलती तवा तुझ्या आईला सैपाकच करू दिला न्हाई, ती व्हय? घावली का ती?"

"न्हाई अजून."

"मग जा. आन् घावली तर घिऊन ये."

अक्षतेच्या दिवशी रेश्मा सकाळीच जाऊन भिंतीजवळ उभी राहिली. गर्दी वाढत गेली, तसा तिचा धीर सुटत गेला. कक्षा मांडताना चूक निघाली तर आकडे पुन्हा मांडता येतात. माणसाचं काय? सुंदरम्मा गेली असली तर? सासरच्यांनी नवस बंद केला असला तर? पांढऱ्या बाराबंदीतली माणसं नंदीध्वजांच्या उंच काठ्या पेलत येऊ लागली, 'हर्र बोला हर्र' म्हणून सगळा जमाव गरजला, आणि रेश्माच्या मुठीतल्या अक्षता घामानं हाताला चिकटल्या. तिला अगदी लहान मुलीसारखं रडू यायला लागलं होतं.

आधी तिला सुंदरम्मा दिसली. कमरेत वाकलेली, हिरव्या इरकलीत, गर्दीला कोपरानं ढकलत ती थेट भिंतीपाशी येत होती. तिच्या मागं चष्मा लावलेली, अंगानं भरलेली एक बाई होती आणि बाईचा पदर धरून आठ-नऊ वर्षांची मुलगी. रेश्मानं त्या बाईला ओळखलं नाही. मग बाईनं ऊन लागलं म्हणून काठ्यांकडं बघताना एक डोळा बारीक केला.

"चंद्रिका," रेश्मा म्हणाली. मोठ्यानं हाक मारायची होती, पण ती हळूच निघाली. ती पुढं झाली. "चंद्रिका."

बाईनं मान वळवली नाही. वळवली ती त्या मुलीनं. तिनं रेश्माकडं बघितलं, मग आईचा पदर ओढला. "अव्वा, चंद्रिका यारु?"

चंद्रिका कोण, असं ती विचारत होती. तिच्या आईनं खाली बघितलं, मग वर बघितलं, आणि रेश्मा दिसली.

"नाने," ती लेकीला म्हणाली. मीच.

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या नाहीत. एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. सुंदरम्मा रेश्माच्या तोंडावरून हात फिरवून 'वाळलीस, वाळलीस' करत राहिली.

"मला का सांगितलं न्हाईस?" रेश्मानं विचारलं. इतकी वर्षं हा प्रश्न तिनं किती तऱ्हांनी घोकला होता, आणि विचारताना त्यात राग उरलाच नव्हता.

"काय सांगू? आठ दिवसांत लगीन. तू म्हनली असतीस परीक्षा दे, आन् मी दिली नसती. मग तुला काय तोंड दाखवायचं?" चंद्रिकेनं चष्मा काढून पुसला. "लई दिवस झाले तसं आनिकच अवघड झालं. ते... ते हरवलं न्हाई ना गं? आपलं?"

"न्हाई. हरवलं होतं, घावलं. कक्षा पक्की झाली. आता कायमचा क्रमांक हाय त्याला."

"खरं?"

"आपल्या दोघींच्या नावावर."

चंद्रिकेनं पदर तोंडाशी धरला. मग वर आभाळाकडं तोंड केलं. "आत्ता कुठं हाय?"

"सूर्याच्या पलीकडं. आता न्हाई दिसायचं कुणालाच. गणपती झाले की समोर येईल."

ती खरंच सूर्याच्या दिशेनं हात आडवा धरून बघायला लागली. कट्ट्यावर लग्नाच्या संमतीचं वाचन सुरू झालं होतं. लोकांनी पहिल्या अक्षता उधळल्या, त्यातल्या चार-दोन तिच्या केसांत पडल्या, तरी ती बघतच होती.

"नाव द्यायचंय त्याला," रेश्मा घाईनं म्हणाली. "तुझी संमती लागती. प्राचार्यांना संस्थापकांचं द्यायचंय. मी तुझं ठरवलंय. चंद्रिका."

तिला वाटलं होतं, ही हसेल, लाजेल, नको म्हणत कबूल होईल. चंद्रिकेच्या चेहऱ्यावरचं सगळं एकदम विझलं.

"नगो," ती म्हणाली.

"का?"

"सासरी मला दानेश्वरी म्हनतात. चांगलं नाव हाय, मानसंबी वाईट न्हाईत. पन माझ्या पोरीलाबी ठाऊक न्हवतं बघ, चंद्रिका कोन ते. त्या नावानं हाक मारनारी दोनच मानसं उरली, रेश्मे. अव्वा आन् तू. अव्वा आता थकली." तिनं रेश्माचा हात घट्ट दाबला. "तू ते नेऊन एवढ्या लांब ठेवू नगोस. तितं कोन हाक मारनार हाय मला? हितं मार की."

बारा वर्षं रेश्माला वाटत होतं की ओढ आपल्यालाच आहे.

मग चंद्रिकेनंच विचारलं, "घाई हाय का नावाची?"

"मुदत दहा वर्षांची हाय. घाई प्राचार्यांना हाय. पण तू घावलीस म्हटल्यावर त्यांचं काय चालत न्हाई. दोघींचं एक व्हावं लागतं."

"मग आपलं एक व्हायचंच न्हाई," चंद्रिका म्हणाली, आणि पहिल्यांदाच जुन्यासारखी हसली. "औंदाचं तुझं नाव मला पटलं न्हाई, सांग त्यांना. पुढच्या अक्षतेला दुसरं आन. फोनवर बोलू काय बोलायचं ते, पन नाव हितंच ठरवायचं."

"आणि तेबी पटलं न्हाई तर?"

"न्हाई पटायचं बहुतेक."

दोघींनी राहिलेल्या अक्षता टाकल्या. नंबर घेऊन झाले. सुंदरम्मानं पिशवीतून कडक भाकऱ्यांचं गाठोडं काढून रेश्माच्या हातात कोंबलं. पलीकडं काठ्या पुढं सरकल्या, तशी गर्दीही हलायला लागली, आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या चंद्रिकेच्या सासूनं हात वर करून हाक दिली, "दानेश्वरी, ए दानेश्वरी!"

"बंदे," चंद्रिकेनं आले म्हणून कानडीत ओ दिली. लेकीचा हात धरला, आईला पुढं घातलं आणि ती निघाली. माणसांच्या लोंढ्यात तिची पाठ दिसेनाशी व्हायला लागली, आणि रेश्माला राहवेना.

"चंद्रिका," तिनं ह्या वेळी गळ्याच्या शिरा ताणून हाक मारली.

चंद्रिका गर्रकन वळली. "काय गं?"

"काय न्हाई. नुसती हाक मारली."

लोक तिला धक्के देत पुढं जात होते. सासू पुन्हा हात हलवत होती. चंद्रिका त्या सगळ्यांच्या मधे लेकीचा हात धरून तशीच उभी राहिली.

"आनिक एकदा मार," ती म्हणाली.